लाताची जीभ

मलांग शहरातल्या आमच्या गल्लीत मला सगळे लाता म्हणत. लाता म्हणजे दचकली की तोंडाला येईल ते बरळणारी बाई. माझी आईही तशीच. कोणी मागून टाळी वाजवली की ती शिवी हासडायची. लोक पोट धरून हसत, पण मग तिला पाणी आणून देत. लाताच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, हा आमचा जुना रिवाज.

मी गाडीवर पेचेल-भात विकते, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेल्या भाज्या आणि भात. पुढे माझ्या गाडीमागे गल्लीतल्याच हेंद्रो नावाच्या पोरानं इंटरनेटचं दुकान काढलं.

"बू पोनिरा, हे सोपं कोडं बघा. ठिपका भिंतीला न लावता वाटेनं न्यायचा," तो म्हणाला. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला बू म्हणतात, पुरुषाला पाक.

मला कोड्यांची हौस. पडद्याला नाक लावून बसले, आणि एकदम किंकाळी! पडद्यावर फाटक्या तोंडाची भुतीण! मी काय काय बरळले देव जाणे. दुकान हसून लोळलं. पाणी मात्र कोणी दिलं नाही. त्यानंतर नवं गिऱ्हाईक आलं की नवं कोडं. कधी दोन चित्रांतले फरक शोधा, कधी लपलेली मांजर.

एक दिवस तो म्हणाला, "बू, गाडी हलवा. मोटरसायकली लावायला जागा हवी."

ही जागा त्याच्या जन्माआधीपासून माझी. पण आमच्यात बाईनं मोठ्यांसमोर शेजाऱ्यावर तोंडावर आरोप करणं म्हणजे उद्धटपणा. मी गाडी हलवली नाही, तेव्हा निकाल द्यायला गल्लीप्रमुख पाक सुबेक्ती आले.

"पाक, आधी जरा गंमत बघा," हेंद्रो म्हणाला.

मी पडद्यासमोर बसले. किंकाळीआधी त्याचा हात आवाजाच्या बटणाकडे जातो, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. हात गेला. भुतीण आली. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मग खुर्चीवरून उडी मारली.

"चोर! चोर! भिंत सरकवली! गटार गिळलं, गल्ली गिळली, आता म्हातारीची जागा गिळतोय!"

सगळे खिदळले. पाक सुबेक्तीही हसले, मग हसता हसता बाहेर गेले. दुकानाची भिंत गटार ओलांडून गल्लीत हातभर आली होती.

"बू, तुम्ही मुद्दाम बोललात!" हेंद्रो ओरडला.

"मी? मी तर लाता, बाळा."

"लाताचा राग धरायचा नसतो, हेंद्रो," पाक दारातून म्हणाले. "भिंत मागे घे. गाडी आहे तिथंच राहील."

मी पुन्हा खुर्चीत बसले, चांगली ऐसपैस.

"पाणी आण," मी म्हटलं.

त्यानं आणलं.