दार असलेली खोली

घरात खोल्या दोन, आणि दार एकाच खोलीला. तिथे दिवसा सासरे झोपत; रात्रपाळीचे पहारेकरी ते, त्यांची झोप मोडायची नाही हा घरचा कायदा. मग धाकट्या सुनेनं बाळाला पाजायचं कुठे? स्वयंपाकाच्या ओट्याशी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. बाळ जरा प्यायला लागलं की दीर पाण्याला येणार, धाकटी अंग झाकून घेणार, बाळ सुटून टाहो फोडणार. सासरे उठतील म्हणून सासूबाई लगेच बाटली भरणार.

माणसं वाईट नव्हती हो! वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

दूध आटत चाललं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "बाटली बंद. भूक लागली की छातीशीच धर. ओढेल तसं येईल."

धाकटीनं धीर करून खोली मागितली. सासऱ्यांनी स्वतः वळकटी उचलली. "घे पोरी. मी बाहेर बाकावर पडतो."

आत बाळ रडायचं, ओढायचं, पुन्हा रडायचं. दाराबाहेर मोठी जाऊ हळहळायची, "हट्टापायी लेकराचे हाल!" धाकटी बाळाला पुन्हा छातीशी धरायची. इकडे बाकावर सासऱ्यांचा डोळा लागेना. कामावर डुलकी लागली आणि साहेबानं पकडलं. उद्यापासून खोली त्यांना परत द्यायची ठरली. हातात होता तेवढा एकच दिवस.

आणि त्याच सकाळी दूध उतरलं! बाळाच्या गळ्यात घुटघुट वाजली, तशी धाकटी हसत हसत रडली. मग किती दिवसांची दमलेली ती, तिथेच गाढ झोपली.

जाग आली तेव्हा पोलकं चिंब, छाती ठणकत होती आणि कुशीत बाळ नव्हतं. ती बाहेर धावली.

"म्हटलं, झोपू दे बिचारीला," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "रडला, तशी दिली बाटली."

"अगंबाई! मीपण आत्ताच पाजली की!" जाऊ म्हणाली.

सासरे ओशाळले. "मीही थोडी दिली. मला काय ठाऊक?"

धाकटीनं बाळाला छातीशी धरलं. त्यानं तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत ती धरत राहिली, ते फिरवत राहिलं.

"असू दे गं," सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "एकेकीला दूध येतच नाही."

दुसऱ्या दिवशी दार लावून सासरे घोरू लागले. धाकटीनं मोरीत नळ सोडला, आणि भिंतीकडे तोंड करून दूध पिळून टाकलं.