एमिलचा अख्खा शर्ट

"उद्यापासून मला घ्यायला येऊ नकोस," गस म्हणाला, तेव्हा एमिल हुडाकची गाडी पार्कच्या फाटकातून आत वळत होती. अजून उजाडायचं होतं.

"का? माझी कॉफी बाधली?"

"कॉफी तर चाळीस वर्षं बाधतेय. पण मी बाकावर बसून करतो काय रे? कुत्री फिरवायला आलेल्या बायका माझी चौकशी करतात. काल एकीने विचारलं, आजोबा, घर सापडत नाहीये का?"

एमिल हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. गस सबोल म्हणजे त्याच्या बायकोचा, इर्माचा, धाकटा भाऊ. इर्मा गेली, पोलादाचा कारखाना त्याआधीच गेला, आणि आता मेहुणाही हातून सुटायला निघाला होता.

गसच्या नजरेत मधोमध काळा डाग आला होता, नेमकं समोरचंच दिसत नसे. पार्कात धनुष्यबाणाने हरणं मारायची तर दर उन्हाळ्यात परीक्षा द्यावी लागते. ताटलीएवढ्या गोलात बाण बसले की परवाना. यंदा गसचे बाण शेजारच्याच्या गोलात जाऊन बसले, तेही झकास बसले. शेजारी खूश झाला, परीक्षक झाला नाही. शिवाय एका मचाणावर एकच माणूस, हा पार्कचा नियम. म्हणून एमिल झाडावर आणि गस झोपाळ्यांजवळच्या बाकावर, असं महिनाभर चाललं होतं.

त्याला शिकार म्हणायचं तर म्हणा. गावभरच्या बागा हरणांनी फस्त केल्या, काही हरणं मोटारींवर आदळून मेली, म्हणून पार्कवाल्यांनी ही सोय केली. आधी एक मादी मारायची, तिचं मांस चर्चच्या अन्नछत्राला द्यायचं, मगच शिंगवाल्या नराकडे बघायचं. सगळं कसं शिस्तीत. एमिलला त्या शिस्तीचा राग नव्हता, पण तिच्यावर जीवही जडत नव्हता.

जीव जडला होता तो वरच्या डोंगरातल्या केबिनवर. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी शिकारीचा हंगाम उघडायचा, शाळांना सुट्टी असायची, कारखान्यातली अर्धी पाळी ओस पडायची आणि सगळे बाप्ये डोंगर चढायचे. केबिनमध्ये ओल्या मोज्यांचा, कांद्याचा आणि रॉकेलचा वास कोंडलेला असायचा. तो वास एमिलला अजून स्वप्नात येतो. तिथे एकच कायदा होता. हरणावरचा नेम चुकला की संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहायचं, शर्टाचा मागचा घेर कापून द्यायचा. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली शिंप्याची कात्री त्यासाठीच होती. कापलेला तुकडा नावानिशी तुळईला ठोकला जाई आणि पुढली कित्येक वर्षं त्यावरून चेष्टा चाले.

गसचे पाच तुकडे होते तुळईला. एमिलचा एकही नव्हता. आणि हा गृहस्थ ते कुणाला विसरूही देत नसे. जेवताना उठून पाठ फिरवायचा, शर्टाचं टोक ओढून दाखवायचा. मग एकेक गडी मातीत गेला, केबिन विकली. एमिलने आठवण म्हणून तिथली कॉफीची किटली घेतली. कात्रीचं काय झालं कुणास ठाऊक.

गसला बाकावर बसवून, उकडलेली अंडी त्याच्या हातात देऊन एमिल ओकच्या मचाणावर चढला. गुडघे कुरकुरले. झुंजूमुंजू झालं आणि खालच्या ओढ्यातून एक मादी आली. ऐन पल्ल्यात येऊन ती खोडाआड थांबली. एमिलने दोरी ओढून धरली होती, पण बाईसाहेबांना घाई नव्हती. खांदा थरथरायला लागला. ती पुढे झाली, बाण सुटला आणि तिच्या पोटाखालून जाऊन पाचोळ्यात घुसला. तिने एक उडी मारली, लांब उभी राहून त्याच्याकडे पाहिलं आणि निवांत झोपाळ्यांच्या दिशेने निघून गेली.

एमिल सुन्न बसून राहिला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. खाली उतरून त्याने बाण उपसला, माती पुसून भात्यात घातला. झालं, कुणाला कळायचं कारण नव्हतं. आयुष्यभराची ऐट शाबूत होती. पण ती मिरवायची कुणापुढे? ज्याच्यापुढे मिरवण्यात मजा होती, तो उद्यापासून येणार नव्हता.

तो बाकापाशी जाऊन उभा राहिला.

"चुकलो," तो म्हणाला.

गस अंडं सोलत होता. "काय चुकलास? वाट?"

"नेम. पंधरा पावलांवर होती. पोटाखालून गेला."

गसचे हात थांबले. "एमिल, मला खूश करायला मुद्दाम तर नाही ना चुकलास? तसं असेल तर आत्ताच सांग. दया नकोय मला."

"तुझ्यावर दया? कालच्या अंड्यांची टरफलं माझ्या गाडीत कुणी टाकली? आणि मुद्दाम चुकायचं असतं तर जुनापुराणा शर्ट घालून आलो असतो. हा कुठला आहे बघ."

गसने हात पुढे केला आणि लाल चौकडीच्या लोकरी शर्टाची किनार बोटांनी चाचपली. एका जागी बारीक, घट्ट टाके होते. त्याची बोटं तिथेच थांबली. "आमच्या इर्माची टीप," तो म्हणाला.

"तिचीच."

मग गसने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि कात्री काढली. तीच ती, काळ्या मुठीची.

"तू घेतलीस होय!"

"मग काय तिथेच सोडून देऊ? दर शिकारीला खिशात घेऊन येतोय. म्हटलं, एक ना एक दिवस हा माणूस चुकेल." गस बाकाला धरून उठला. "फिर तिकडे. ताठ उभा राहा."

एमिल झोपाळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. पळायला आलेली एक पोरगी कानातले इअरफोन काढून बघतच राहिली. गसने अंदाजाने कापलं, वेडंवाकडं, पण टाके राखून. एमिलच्या पाठीला गार वारा लागला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

"आता हे टांगायचं कुठे? तुळई कुठाय आपल्याला?" गस म्हणाला.

"गाडीत आरसा आहे."

परतताना तो लाल तुकडा आरशाखाली हलत होता. गसला तो नीट दिसत नव्हता, म्हणून तो मधून मधून हात लावून बघत होता. त्याचं घर आलं. तो उतरला, दार लावलं आणि काचेवर टकटक केली. एमिलने काच खाली घेतली.

"उद्या किती वाजता येतोस?"

"पाचला."

"साडेचारला ये. आणि हे बघ," गस वाकून म्हणाला, "साधा शर्ट घाल."