फेसाची साक्ष

नानांनी आयुष्यात एकदाच मनापासून शब्द पाळला, आणि नेमके तेव्हाच ते चोर ठरले.

त्याआधीचं सोडा. हृदयाने पहिली धमकी दिली तेव्हा डॉक्टरांनी तेल, तूप, लोणी, सगळ्यावर काट मारली, आणि नानांनी मान अशी काही डोलावली की डॉक्टरांना आपल्याच उपदेशाचं कौतुक वाटलं. पुढच्या तपासणीला नाना छत्री घेऊन गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. उठताना छत्री टेबलाला अडकून उघडली आणि आतला तळलेला मासा थेट रक्ताच्या रिपोर्टवर पडला.

"हा माझा नाही," नाना म्हणाले.

मासा अजून गरम होता.

त्या दिवसापासून नानांच्या शब्दाला घरात कवडीची किंमत उरली नाही. तेलाचा डबा हद्दपार झाला. नानांच्या पत्नी माई म्हणाल्या, "एकट्यांना कशाला शिक्षा? मीही तुमच्याबरोबर उकडलेलंच खाईन." असं म्हटल्यावर मुलगा आणि सूनबाई यांनाही घरात उकडलेलंच खावं लागलं, चिरंजीव ऑफिसात काय खातात हे मात्र कुणी विचारलं नाही. वर नानांचं दुपारचं फिरणं बंद झालं. ते फिरणं म्हणजे नानांचा प्राण. बागेतल्या मोडक्या बाकावर त्यांच्यासारखेच चार निवृत्त जमायचे आणि हयात नसलेल्या साहेबांना शिव्या घालायचे. आता सुट्टीच्या दिवशी चिरंजीव त्यांना दंडाला धरून बागेत आणत. बाकावरचे म्हणत, "काय नाना, जामिनावर?"

मग मात्र नाना हट्टाला पेटले. खरंच सोडलं सगळं. तळणीच्या दुकानासमोरून जाताना ते रस्ता ओलांडू लागले, आणि असं महिनोन्‌महिने केल्यावर घराने त्यांना दुपारी एकट्याने फिरायची मुभा परत दिली. पहिल्या दिवशी ते इतक्या ताठ मानेने निघाले की पायरी दिसली नाही.

नेमक्या त्याच सुमाराला सूनबाईने घरात जंतू आणले.

सूनबाई प्रयोगशाळेत जंतू पाळायची. एका संध्याकाळी तिने गढूळ पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली आणि समजावून सांगितलं. हे जंतू निरुपद्रवी, मातीतले. यांना तेलतूप प्रिय. तेल खाताना ते आपला आपण साबण तयार करतात. त्या साबणाने पाइपातली चिकट राप सुटते आणि सिंक कधी तुंबत नाही. अ‍ॅसिड नको, वास नको.

"म्हणजे खातात, आणि खाल्लेलं स्वतःच धुतात?" नाना म्हणाले. "आपल्या चिरंजीवांना थोडे दिवस त्यांच्याकडे शिकवणीला पाठव."

"नाना, पण आपल्या घरात त्यांनी उपाशी राहायचंय," सूनबाई म्हणाली. "प्रयोगातली बाकीची घरं तळणारी आहेत. तिथे साबण तयार होईल. आपल्याकडे तेलच नाही, म्हणजे साबण होता कामा नये. तसं झालं तरच सिद्ध होतं की करामत तेल खाण्याचीच आहे. असं बिनतेलाचं घर आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना शोधून सापडत नव्हतं. मी सांगितलं, आहे ना, आमचं आहे. छातीवर हात ठेवून सांगितलं."

नानांची छाती फुगली. आपलं पथ्य शास्त्राच्या उपयोगी पडतंय! सिंकखाली नवाकोरा पाइप बसला, म्हणजे जुन्या तेलकटाची शंका नको. बाटलीतले जंतू त्यात ओतले गेले. भांड्यांचा साबण बंद झाला. कोमट पाणी आणि घासणी, बस्स. दर आठवड्याला सूनबाई सिंकखालची, पाणी साठून राहतं ती वाटी उघडून थोडं पाणी बाटलीत घेणार, बाटली खळखळ हलवणार. फेस आला तर जंतू जेवले. नाही आला तर उपाशी.

पहिल्याच आठवड्यात तिने बाटली हलवली आणि बूच उडालं. फेस बाटलीतून बाहेर आला, मनगटावरून कोपरापर्यंत गेला, आणि तिथे थोडा विचार करून टपकला. दुसऱ्या सकाळी पाहतात तो सिंकच्या जाळीवर फेसाचा भलामोठा फ्लॉवर उगवून बसलेला. नळ सोडला तर पाइपाने असा समाधानाचा ढेकर दिला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, तुमच्याकडे पाहुणे आहेत का.

मग सगळ्यांची तोंडं हळूहळू नानांकडे वळली.

"माझ्याकडे काय बघता?"

"नाना," चिरंजीव म्हणाले, "छत्री कुठंय?"

"अरे, मी काही खाल्लेलं नाही! शप्पथ!"

"त्या माशाच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात."

"तेव्हा मी खोटं बोलत होतो! आता खरं बोलतोय. दोन्हीतला फरक तुला कळत नाही?"

"कुणालाच कळत नाही, नाना. आवाज अगदी सारखा येतो."

सूनबाईचा चेहरा पडला होता. तिचं दुःख वेगळंच होतं. "मोठ्या बाई म्हणाल्या, एकतर तुझ्या घरात कुणीतरी चोरून खातंय, नाहीतर तुझा प्रयोग बोगस. नाना, तुम्ही खाल्लं असेल तर सांगून टाका. मी रागावणार नाही."

नानांनी खाल्लं असतं तर कबूल करून मोकळे झाले असते. न खाल्लेलं कबूल कसं करायचं? त्यांनी आशेने माईंकडे पाहिलं. माई मान खाली घालून घासणी पिळत होत्या. इतकी पिळली की तिचे धागे सुटले.

निकाल लागला. दुपारचं फिरणं पुन्हा बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, असं नाना भिंतीला सांगत बसले.

आता दुपारी मुलगा-सून कामावर, आणि घरात दोघंच. नाना आरामखुर्चीत धुमसत होते, आणि माईंचा जीव काही ठिकाणावर नव्हता. "अहो, जरा पडा." "अहो, डोळे मिटा, डोळ्यांना बरं असतं." "अहो, परवा कुठेतरी वाचलं, दुपारी झोपणाऱ्यांचं हृदय दगडासारखं होतं."

"मला आता जागंच राहायचंय," नाना म्हणाले. पण मनात चक्र फिरू लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या बाईने त्यांना झोपा म्हणून कधी सांगितलं नव्हतं, उठा म्हणूनच सांगितलं होतं.

त्यांनी डोळे मिटले आणि घोरायला लागले. खोटं घोरणं सोपं नसतं. खरं घोरणारा मध्येच अडखळतो, शिट्टी मारतो. नानांनी सगळं केलं. एक दीर्घ शिट्टी तर इतकी सुरेख लागली की त्यांनाच दाद द्यावीशी वाटली. स्वयंपाकघराचं दार हलकेच लागलं. धूर ओढणारा पंखा सुरू झाला. उगीचच. शिजत तर काही नव्हतं.

नानांचं नाक रंगाच्या कारखान्यात केव्हाच कामी आलं होतं, पण कान शाबूत होते. त्या कानांना पंख्याआडून एक आवाज आला. चर्र.

नाना दार ढकलून आत गेले. माई शेगडीपाशी उभ्या. तव्यावर लोण्यात अंडं, कडेला पावाचा तुकडा सोनेरी होतोय, आणि ओट्यावर कारल्यांची पिशवी उघडी. लोणी त्या पिशवीतून निघालं होतं. फ्रिजमधली ती एकच पिशवी अशी होती की तिला नाना जन्मात हात लावणार नव्हते.

"तू?" नाना म्हणाले.

"मी," माई म्हणाल्या. चोरी पकडली गेल्यावर काही लोक खचतात. माईंनी अंडं उलटलं.

"तू म्हणालीस, तुमच्याबरोबर उकडलेलंच खाईन!"

"तुमच्याबरोबर उकडलेलंच खाल्लं. तुम्ही फिरायला गेल्यावर काय खाईन हे कुठे बोलले होते?"

"आणि माझ्यावर खटला चालला तेव्हा?"

"वाईट वाटलं हो मला. खूप वाटलं. रात्रभर वाटलं." माईंचा आवाज जरासा ओला झाला. "पण तुमचं नाव आधीच गेलेलं होतं. माझं अजून जायचं होतं."

"आज संध्याकाळी सगळं सांगतो. सगळ्यांसमोर. मुलाला, सुनेला, खालच्या बाईंना, डॉक्टरांना..."

माईंनी पावाचा कोपरा मोडला, तव्यातल्या लोण्यावरून सावकाश फिरवला आणि नानांच्या उघड्या तोंडात घातला.

"बोला आता."

नानांना बोलता येईना. डोळे आपोआप मिटले. किती दिवसांनी भेटत होती ती चव! बागेतला बाक, बाकावरची मंडळी, अब्रू, सत्य, सगळं लांब लांब गेलं. घास गिळून झाल्यावर ते बराच विचार करून म्हणाले, "कड जरा अजून खरपूस चालेल."

"एकच कोपरा मिळेल रोज," माईंनी बजावलं. "तुमचं हृदय आहे, खेळणं नव्हे. अंडं माझं."

"आणि तवा?"

"तवा पुसून घ्या हवा तर."

संध्याकाळी नानांनी सगळ्यांसमोर कबुली दिली. हो, खात होतो. लोणी. कुठलं, कसं, विचारू नका, लाज वाटते. चिरंजीवांनी "तरी म्हटलं" असा चेहरा केला. सूनबाई म्हणाली, "आता तरी थांबाल ना, नाना? माझ्यासाठी?" नानांनी होकार दिला. अगदी पहिल्यासारखी मान डोलावली.

आणि दुसऱ्या दुपारपासून खऱ्या चोरीला सुरुवात झाली. आता इथे माईंच्या हातून झालेली चूक लक्षात घ्या. त्या तवा भराभर विसळायच्या, म्हणून लोणी सिंकमध्ये जायचं. नानांच्या हातून थेंब कसला जातोय? पावाच्या कोपऱ्याने ते तव्याची कड पुसत, मधला भाग पुसत, मुठीखालचा तो बिकट कोना पुसत, मग उलथनं चाटत. तवा धुण्याआधीच धुतल्यासारखा दिसे. माईंनी एकदा त्यात स्वतःचा भांग नीट केला. बिचाऱ्या जंतूंच्या तोंडाला पानं पुसली गेली.

सूनबाईने पुन्हा सिंकखालची वाटी उघडली. बाटली भरली, हलवली. काही नाही. पुन्हा हलवली, दंड दुखेपर्यंत हलवली. नुसतं पाणी, मुकाट. पाइपाचा ढेकरही बंद झाला होता.

तिचे डोळे चमकले. प्रयोग वाचला होता. बिनतेलाचं घर पुन्हा बिनतेलाचं झालं होतं. "नाना! तुम्ही शब्द पाळलात! मी मोठ्या बाईंना सांगणार, चूक मान्य करून स्वतःला सावरणारा असा माणूस मी पाहिला नाही." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, बास झाली आता त्यांची शिक्षा. नाना, उद्यापासून दुपारी खुशाल फिरून या. एकटे. बाकावरची मंडळी वाट बघत असतील."

नाना गडबडले. त्यांनी माईंकडे पाहिलं. माई पाणी पीत होत्या.

"नको गं," नाना हळू आवाजात म्हणाले. "बाहेर मोह फार. दुपारची वेळ तर फार वाईट. मी आपला घरातच बरा, हिच्या नजरेसमोर."

चिरंजीवांना भरून आलं. माईंना ठसका लागला.