हातगुण

...मॅग्नेशियमचा कीस इथरच्या तळाशी ढिम्म बसून होता. वर टाकलेल्या आयोडीनच्या खड्याचा तपकिरी रंगही तसाच – हा रंग उडाला, किसाला बारीक बुडबुडे फुटले, की समजायचं, ग्रिन्यारचं रसायन जमायला लागलं. एकदा जमलं की कार्बनला कार्बन जोडायला त्याच्यासारखं दुसरं नाही. काय हवं ते बांधा. पण जमेपर्यंत नखरे रुसलेल्या जावयाचे... पाण्याचा अंशही खपत नाही.

सर मघाशी डोकावून गेले होते. वयाने तिच्याहून लहान, पण सर ते सरच. "मॅडम, आज नाही जमलं तर हे काम परीसकडे देऊ. त्याचा हातगुण चांगला आहे." आणि जाता जाता, "उरलेलं ब्रोमाइड एकदम ओतून टाका ना, होईल सुरू." – होईल ना, थेंबाथेंबाने घालायचं ते एकदम ओतलं की सगळं उसळून छताला लागेल! तिने मान डोलावली, ओतलं मात्र नाही. मुलं मार्गी लावून, चाळिशी उलटल्यावर ती प्रयोगशाळेत परतली होती. ऐकून घ्यायची सवय होती, ऐकायची सुटली होती.

हातगुण! आईपासून चिकटलेला शब्द. बहिणीने लावलेलं रोप तरारायचं, हिचं वाळायचं. बहिणीचं शिवण अंगात बसायचं, हिचं उसवायचं... सासरीही तेच, जाऊबाईंनी हात लावला की सगळं सुरळीत. मग लावा तुम्हीच हात, माझे कशाला राबवता – असं ती कधी म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं. राग येतो मला, अजून येतो.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी सरकत जवळ आला. हात लावील त्याचं सोनं करतो म्हणून सगळे त्याला परीस म्हणत.

"ताई, खरं सांगू? हातगुण वगैरे काही नाही. मागच्या वेळचं जमलेलं थोडं बाटलीत राखून ठेवतो. त्यातले चार थेंब टाकले की नवं लगेच सुरू होतं. विरजणच म्हणा. टाकू? सरांना कशाला सांगायचं?"

तिला हसू फुटलं. म्हणजे हे होय! आयुष्यभर जो शब्द डोक्यावर बसला, तो इथे बाटलीत... त्यात गैर काहीच नव्हतं, पुस्तकातही ही युक्ती असते. बिचारा मनाने चांगलाच होता. पण चोरून टाकलेल्या थेंबांनी जमलं, तर उद्या सगळे म्हणतील परीसचा हात लागला – आणि आपल्यालाही ते पटेल...

"नको."

"अहो, हट्ट कशाला? हातचं काम जाईल."

"टाकायचं तर सरांसमोर टाक. काय टाकतोयस ते सांगून."

तो बाटली घेऊन जागेवर गेला.

आतला ताजा धातू उघडा पडावा म्हणून तिने काचेच्या कांडीने कीस तळाशी दाबून चेपला, बूच लावलं, फ्लास्क दोन्ही तळहातांत धरला. किंचित ऊब जाणवली – काचेची, की हातांचीच, कळेना. रंग फिकटला होता? की भास...

दार उघडलं. "झालं सुरू?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. हात काढले नाहीत. "पण सर, हे काम मी कुणाला देणार नाही."

सर काहीतरी बोलू लागले. आता छाती धडधडायला हवी होती, नेहमीसारखी – ती वाट बघत राहिली, आणि धडधडेना.