चाळीस किलोचा दगड

दगड जागचे हलतात का ते कळावं म्हणून कळव्यातल्या नाल्याच्या काठावर इंजिनियर रुचिताने पिवळ्या रंगाने तीस दगडांवर आकडे घातले होते. मंगळवारी डोंगराकडे धो धो पाऊस झाला. गुरुवारी सकाळी ती मोजायला आली, तेव्हा एकवीसच सापडले.

"पोरांनी ढकलले असतील," मुकादम महिपत म्हणाला.

"चाळीस-चाळीस किलोचे दगड? कुठली पोरं ही महिपतराव, तालमीतली?"

"पण माल चोख आहे हां मॅडम. तुम्ही सांगितला तेवढाच दगड, तेवढेच ब्रास. एक पाटी कमी नाही."

ते खरंच होतं. दगडाचं वजन रुचितानेच ठरवलं होतं. काठ धुपू नये म्हणून केवढा दगड टाकायचा, हे पाण्याचा वेग सांगतो. आणि वेग काढायला नाल्याची रुंदी लागते. ती तिने तीन वर्षांपूर्वीच्या नकाशावरून उचलली होती. वीस मीटर. स्वतः टेप लावला नव्हता.

आता तिने समोर पाहिलं. पलीकडे राडारोड्याचा ढीग थेट नाल्यात उतरला होता. त्यावर गुडघाभर गवत होतं, म्हणजे आजकालचा नव्हे.

साकवावरून दोघांनी टेप धरला. सोळा मीटर भरले.

पुढचा हिशेब कागदाशिवाय होण्यासारखा होता. तेवढंच पाणी चिंचोळ्या जागेतून जायचं, तर वेग सव्वापट. आणि दगडाचं वजन वेगाच्या सहाव्या घाताने वाढतं; वेग सव्वापट झाला की दगड सव्वापट नव्हे, जवळजवळ चौपट जड लागतो. दीडशे किलोचा. काठावरचे सगळे दगड तिला एकाएकी चुरमुऱ्यांसारखे दिसू लागले. उद्यापासून मुसळधार पावसाचा इशारा होता.

काठाला लागूनच शालनमावशींची खोली. गेल्या वर्षी खोलीमागे सहा फूट मोकळी जागा होती. आज तिथे कोऱ्या विटांची भिंत होती, अगदी दगडांना टेकलेली.

"हे कधी बांधलंत, मावशी?"

"मे महिन्यात. आधी हिंमतच नव्हती. दर पावसाळ्याला नाला काठ खात खात दाराशी यायचा मेला. तुमचे दगड पडले, तसा आमचा महेंद्र म्हणाला, आई, आता कसली भीती? सून बाळंत व्हायची होती, जागा पाहिजेच होती." आत नव्या खोलीत झोळी हलत होती. "चहा टाकू?"

"मावशी, इथून हलायला हवं. आजच."

"का गं? दगड वाईट निघाले?"

"दगड चांगले आहेत. माझा आकडा चुकला."

महिपतने चमकून पाहिलं. "मॅडम, असं बोलायचं नसतं," तो हळूच म्हणाला.

शालनमावशी हसल्या. "उगं घाबरवू नका. एवढाले धोंडे! माझ्या पोराला एक हलला नाही."

तेवढ्यात खालून आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा, टक्, टक्. गढूळ पाण्यात काहीच दिसत नव्हतं, पण तळाशी दगडावर दगड आपटत होता.

"ते होय?" शालनमावशी म्हणाल्या. "मंगळवारपासून येतंय. आम्हाला वाटलं, तुमचंच काम चालू आहे."

रुचिता बूट न काढताच आत शिरली आणि तिने झोळीतलं बाळ उचललं.