हरेश्वरची खूण

हेमालीने लॅपटॉपच्या पडद्यावर टेकडीवरचं देऊळ उचलून माडांच्या दोन बोटं डावीकडे ठेवलं आणि फाइल पाठवली.

समोर कमलेश हातातला दोन पडद्यांचा जुना गेम घेऊन वायफायवर फाइल यायची वाट बघत होता. आतला खेळ कुठल्या कंपनीचा नव्हता, हेमालीनेच लिहिला होता. पडद्यावर आगरदांड्याचा किनारा दिसे. होडी हाकायची, देऊळ आणि माड एका रेषेत आले की जाळं टाकायचं. मासळीच्या जागांच्या या खुणा मात्र खऱ्या होत्या. दुखण्यात खाटेवर पडून तिचे वडील हरेश्वर सांगत आणि ती खेळात घालत जाई.

शेजारी म्हणून कौतुकाने तिने तो खेळ कमलेशला दिला होता. हरेश्वरला जाऊन महिना झाला नाही, तोच त्याने खेळातल्या पहिल्या खुणेवर खरं जाळं लावलं. वर्षश्राद्धापर्यंत मेलेल्याच्या जागेवर जाळं टाकायचं नाही, हा कोळीवाड्याचा रिवाज. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मेला! आणि आता दुसरी खूण मागायलाही तोच आला होता.

"मोठ्या घोळ मासळीची जागा टाकलीस ना यात?"

"टाकली."

"खरी ना?"

"बाबांनी सांगितलेली हाय."

लॅपटॉपवरची पट्टी भरली. खऱ्या खुणेच्या दोन बोटं डावीकडे पाण्याखाली खडक होता. होडीला धोका नव्हता, जाळ्याची मात्र चाळण होणार होती. वडील गेल्यापासून हेमाली त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी कमलेशचं जाळं वाळूत पसरलं होतं, जागोजाग फाटलेलं. कुणाचंही जाळं फाटलं की अख्खा वाडा सुया घेऊन बसतो. वैर घरी ठेवून यायचं. आई नीराबाईने हेमालीलाही ओढत आणलं. ती मुकाट्याने शिवत होती, आणि प्रत्येक भोक बघून तिच्या जिवाला गार वाटत होतं.

"खूण कोनाची व्हती रे?" म्हाताऱ्या बाळाजीने विचारलं.

"हरेश्वरकाकाची," कमलेश म्हणाला.

बाळाजी हळहळला. "चाळीस वर्सं ती जागा त्यानं कोनाला दावली न्हाय. आमाला वाटायचं, काय मोठी खूण हाय. ह्यो तर खडक निघाला."

"नुसताच रुबाब म्हनायचा," कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसली.

नीराबाईची सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली, पण गाठी चुकत होत्या.

"जाऊ दे काकी," कमलेश तिला समजावत म्हणाला. "आजारी मानूस. चुकायचाच. माझा काय राग न्हाय."

त्याने हरेश्वरला माफ केलं होतं! हेमालीच्या अंगाची लाही लाही झाली. गप्प बसली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. तिने सुई खाली ठेवली.

"बाबांची खूण बरोबर हाय," ती म्हणाली. "खेळात घालताना मी हलवली. मुद्दाम."

कमलेशने हातातलं जाळं खाली टाकलं. बाळाजीने डोळे बारीक केले.

"आता बापाची बाजू घेनारच तू. बरोबर हाय, तर मग खरी कंची?"

सगळ्यांच्या सुया थांबल्या. चाळीस वर्षं जे समुद्रात शोधून सापडलं नव्हतं, त्यासाठी माना पुढे झाल्या. खूण सांगितली तर बाबांचं नाव राहणार होतं, पण जागा सगळ्या वाड्याची होणार होती. हेमालीने आईकडे पाहिलं. नीराबाईने पदराने तोंड पुसलं.

"सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."