थडग्यावरचं हसू

माणूस मेल्यावर त्याचं थडगं बांधतात. सिन्योर प्रोस्पेरोंनी आपलं जिवंतपणीच बांधायला काढलं. रोममध्ये त्याचं नवल नाही. पण संगमरवर उभा राहायला वर्षं लागणार आणि या धान्याच्या व्यापाऱ्याला दम कुठला! म्हणून आधी थडग्याचं चित्र छापून गावभर वाटायचं ठरलं. तांब्याचा पत्रा कोरायचं काम माझ्या नवऱ्याकडे, ओराझिओकडे आलं. छापायचं काम माझं.

थडग्यावर सिन्योर कोपर टेकून पहुडलेले, पायाशी रडणारी दया, बाईच्या रूपातली. दयेचा चेहरा बघून कोरता यावा म्हणून त्यांनी पोटची पोर, एर्सिलिया, आमच्याकडे बसायला पाठवली. तिच्या हुंड्याचे पैसे या संगमरवरातच गेले होते, म्हणून तिची रवानगी मठात.

"माझ्या हुंड्यावर हे लोळणार, आणि वर मीच रडायचं?" ती म्हणाली. "मार्झियाताई, मठात घेण्याआधी बिशपांचा माणूस मुलीला एकटीला विचारतो, खुशीनं येतेस का म्हणून. मी सरळ नाही म्हणणार."

चर्चचा हा नियम नवा होता आणि मला तो मनापासून आवडला होता.

पहिली प्रत बघायला सिन्योर आले. "नाक जरा सरळ करा," एवढंच बोलले. मुलीकडे बघितलंच नाही, कागदावरच्याही आणि समोरच्याही.

ते गेल्यावर एर्सिलिया म्हणाली, "ओराझिओदादा, एकच रेघ. ओठाचा कोपरा वर न्या. त्यांच्या मढ्याशी मला हसू दे."

"अगं, माझ्या पोटावर पाय येईल!"

"त्यांना स्वतःच्या नाकापलीकडे दिसतंय कुठं?"

खरंच होतं ते. नाक सरळ झालं, ओठ वर गेला. म्हातारा चडफडेल, गाव हसेल, या आनंदात मी प्रतींवर प्रती काढल्या.

गाव हसलं नाही, गहिवरलं. पोरीच्या तोंडावर स्वर्गाची आशा कशी फुललीय, म्हणाले. सिन्योरांनी आणखी प्रती मागवल्या.

बिशपांचा माणूस आला तेव्हा मी एर्सिलियाची सोबत म्हणून गेले होते. नियमाप्रमाणे मला बाहेर बसवलं, पण दार काही फार जाड नव्हतं.

"खुशीनं येतेस ना, बाळ?"

"नाही."

कागद उलगडल्याचा आवाज आला. "ही तूच ना? बापाच्या पायाशी इतकी प्रसन्न!"

"ते हसू बाबांवर होतं! मी मुद्दाम कोरून घेतलं."

"मुद्दाम, म्हणजे तुझ्याच इच्छेनं. बाळ, ऐन वेळी सैतान सगळ्याच मुलींच्या जिभेवर बसतो. जबरदस्ती झालेली मुलगी असं हसत नाही."

मठात घेताना तिचे केस कापले तेव्हा ती ओरडत होती. बायका म्हणाल्या, सैतान निघतोय. माझ्या हातून तिथं काही झालं नाही.

प्रती काढून काढून वर्षभरात पत्रा झिजला. बारीक रेघ आधी जाते. हसू पुसट होऊन दया पुन्हा रडवेली दिसू लागली. सिन्योर आले, आणि या वेळी मुलीच्या तोंडाकडे त्यांनी अगदी जवळून पाहिलं.

"ओठाची रेघ खोल कोरा," म्हणाले. "लोकांना तीच आवडते."

ओराझिओनं कोरली.